सत्तेचाळीसावी खुंटी

अल ऐन
शुक्रवार, ८ फेब्रुवारी २००२

प्रिय ऊर्मी,
अनेक आशीर्वाद.

सहा वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, याची आधी माफी मागते. ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिलं होतं, तो कागद फाडला. वेळ होता. दर दिवाळीला तुझ्यासाठी एक एरोग्राम आणायचे आणि तो पुढच्या दिवाळीपर्यंत ड्रॉवरमध्ये पडून राहायचा. मावशी गेली तेव्हासुद्धा फोन अनिलने केला, मी केला नाही. सख्ख्या मावशीच्या बाबतीत मी असं वागले.

इकडे सगळे बरे आहेत. अनिल त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. वेद चौदा वर्षांचा झाला. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. काल म्हटलं, ऊर्मीमावशीला दोन ओळी लिही. म्हणाला, “आय डोन्ट इव्हन नो हर, मॉम.” दोष त्याचा नाही.

पत्राला निमित्त तुझ्या परेशरावांच्या कामाच्या जागेचं आहे. उम्म अझ झुमूलच्या वाळवंटी वाटेवर आमची कंपनी पाण्याचा सर्व्हे करत होती, तिथे परेशराव ड्रायव्हर होते, ते तुला ठाऊक आहे. तिथे वाळूत बुडालेली टेकड्यांची एक गोल कड आहे, दीड किलोमीटर रुंद, आणि मधोमध एक उंचवटा. पाणी लागलं नाही. पण आता एक परदेशी प्राध्यापक आले आहेत. ते म्हणतात हे आपल्या लोणारसारखं उल्केच्या आघाताने पडलेलं विवर असावं. तेव्हाची सगळी मापं मी ऑफिसात बसून तपासली होती, म्हणून जुन्या वह्या काढायचं काम माझ्याकडे आलं.

वह्या उघडल्या आणि परेशराव आठवले. गुरुत्वाकर्षण मोजणारं यंत्र असतं, त्याची स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सैल पडते. म्हणून दर दोन तासांनी गाडी काढून पहिल्या खुंटीवर परत जायचं आणि तिथलं माप पुन्हा घ्यायचं. जागा तीच असते, बदललेलं असतं यंत्र. तेवढा फरक बाकीच्या मापांतून काढून टाकायचा. परेशराव म्हणायचे, “ताई, हे तर बायकांचं माहेरी जाऊन येणं झालं. गेल्याशिवाय कळत नाही, आपण किती बदललो ते.”

ते नाहीसे झाल्यावर मी तुला एकच पत्र लिहिलं आणि कंपनी म्हणत होती तेच त्यात कळवलं, की गाडी घेऊन ओमानला गेले असावेत. ते वाक्य मी कुठल्या आधारावर लिहिलं, हे मला आज सांगता येणार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांचं तुला आलेलं शेवटचं पत्र तुझ्याकडे आहे का? आणि त्या दिवाळीत त्यांनी तुमच्या प्रज्ञासाठी एक रेघारेघांचा दगड पाठवला होता, तो घरात कुठे असेल का?

तुझी,
विनूताई


पालशेत, ता. गुहागर
२५ फेब्रुवारी २००२

ती. विनूताईस,
साष्टांग नमस्कार.

सहा वर्षांनी पत्र, आणि त्यात दगडाची चौकशी! वाचून आधी हसले. मग शाळेत मुलांच्या पाटीवर दोनदा चुकीची बेरीज बरोबर म्हणून दिली. त्यावरून काय ते समज.

ताई, सरळ सांग. तुला ते दिसले आहेत का? इकडे मला वर्षाकाठी एक तरी माणूस सांगून जातो. कुणी म्हणतं, सलालाहला गॅरेज टाकलंय. कुणी म्हणतं, मस्कतला केरळी बाई ठेवली आहे, दोन मुलं आहेत. सांगणारा आमच्याकडे चहा पिऊन, लाडू खाऊन सांगतो. पहिल्या वर्षी मी रडायचे. आता विचारते, “गॅरेज चालतं ना बरं?” तू इतक्या वर्षांनी त्यांचं शेवटचं पत्र मागतेस, म्हणजे अक्षर जुळवून बघायचं आहे, असंच मला वाटलं. जिवंत असतील तर तसं लिही. मी भांडायला येणार नाही.

मला आता नक्की कळायला हवं आहे, कारण प्रज्ञाचं लग्न ठरलं आहे. बारा मे. मुलगा चिपळूणचा, पंचायत समितीत आहे. माणसं चांगली. पण बैठकीत मुलाच्या आत्याने विचारलंच, “वडील गाडी घेऊन पळाले ते हेच का?” माझा दीर खाली बघत बसला. प्रज्ञा आत पोहे परतत होती, तिने उलथणं आपटलं. लग्न मोडलं नाही, पण ते वाक्य आता त्या घरात तिच्या आधी जाऊन बसलं आहे.

आणि पत्रिका. शृंगारतळीच्या छापखान्यातला माणूस विचारतो, “वडिलांच्या नावाआधी काय घालू, बाई?” सहा वर्षं मी वटपौर्णिमेला वडाला जाते. बायका सूत माझ्या हातात देतात आणि डोळे दुसरीकडे वळवतात. मंगळसूत्र घालते तर म्हणतात बघा निर्लज्ज, काढलं तर म्हणतील बघा हिला ठाऊक होतं.

शेवटचं पत्र आहे. १९ नोव्हेंबर पंच्याण्णवचं. तुला हवा तो भाग उतरवते: “काम उरकलं, तंबू हलवले. आता आठ दिवस अल ऐनमध्येच. शुक्रवारी एक छोटं काम आहे, ते झालं की एक माणूस माझ्यावर खूश होईल. प्रज्ञाला सांग, दगड जपून ठेव, साधा नाही.” कोण खूश होणार होतं, ते लिहिलेलं नाही. मी सहा वर्षं ते वाक्य त्या केरळी बाईला लावत आले.

दगड आहे. लोणच्याच्या बरणीत कैरीवर दडपण म्हणून ठेवते. वजनाला चांगला आहे.

तुझी,
ऊर्मिला


अल ऐन
शुक्रवार, २२ मार्च २००२

प्रिय ऊर्मी,
अनेक आशीर्वाद.

मी त्यांना पाहिलेलं नाही. मस्कतलाही नाही आणि सलालाहलाही नाही. मला जे माहीत नाही ते मी यापुढे तुला लिहिणार नाही, एवढा विश्वास ठेव.

तुझ्या गावचा नीलेश मुसफ्फाहला असतो ना? तो सुट्टीवरून परतताना तो दगड त्याच्या हाती पाठव. मीठ लागलं असेल तर धुऊ नकोस. एका टोकातून घोड्याच्या शेपटीसारख्या रेषा सुटलेल्या असा दगड साध्या भूकंपानेसुद्धा तयार होत नाही. आकाशातून काहीतरी प्रचंड येऊन आदळावं लागतं. प्राध्यापक महिनाभर तसा एक तुकडा शोधताहेत आणि तो तुझ्या बरणीत आहे.

आता वहीतलं सांगते. सत्त्याण्णवच्या जानेवारीत, परेशराव जाऊन चौदा महिने झाल्यावर, आम्ही त्याच जागेवर चुंबकीय सर्व्हे केला. पन्नास-पन्नास मीटरवर लाकडी खुंट्या मारायच्या, आणि काठीवर बसवलेलं मॅग्नेटोमीटर घेऊन एक माणूस खुंटी-खुंटीवर थांबून आकडा लिहायचा. त्या माणसाच्या अंगावर लोखंड चालत नाही. पट्टा, किल्ल्या, चाकू सगळं तंबूत ठेवून जायचं. आमचा गणू, मूळचा दापोलीकडचा, नाडीचा पायजमा आणि रबरी चपला घालून जायचा. बारा नंबरच्या ओळीवर सगळे आकडे ४३,५८०च्या आसपास आहेत. फक्त सत्तेचाळीसाव्या खुंटीवर ४३,९१२. समासात गणूचं अक्षर: ‘लोखंड नाही. तीनदा घेतलं.’

ऑफिसचा नियम असा, की एकच आकडा मध्येच उडाला तर तो माणसाच्या खिशाचा समजायचा. मी तो पेन्सिलीने खोडला, शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी लिहिली आणि गणूला बोलावून झापलं.

पण खिशातल्या किल्लीने दहा-वीसचा फरक पडतो, फार तर पन्नासचा. तीनशे बत्तीसचा पडत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी खोडलं ते नियमाने खोडलं, की त्या जागेवर मला काहीच सापडायला नको होतं म्हणून खोडलं? गेला महिनाभर मी डायरीत दोन्ही उत्तरं लिहून बघते आहे.

सनाइयात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, कामगारांच्या कॅम्पवर जाऊन गणूला भेटले. केस पांढरे झालेत. खाटेवरचे कपडे बाजूला सारून बसायला जागा केली, चहा आणवला.

“आठवतंय का, गणू? सत्तेचाळीस?”

“विसरेन कसा, मॅडम? तुम्ही विचारलंत, खिशात काय होतं. मी म्हटलं, ह्या पायजम्याला खिसाच नाही! तरी तुम्ही म्हणता, मग नाडीत काय होतं?” शेजारच्या खाटांवरची माणसं हसली. गणूही हसला, मग थांबला. “पण जागा बरोबर नव्हती ती. आम्ही तिथं डबा नाही उघडला कधी.”

“का?”

“वारा पडला की टेकडी आवाज करायची. लांबून विमान जातं ना, तसा, जमिनीखालून. आमच्या टोळीतला पठाण म्हणायचा, रेत गाती है. मला गाणं नाही वाटलं. मला वाटलं, कोणतरी खालून हाका मारतंय न् त्याला आपलं नाव माहीत नाही.”

वाळू घसरली की असा आवाज होतो, त्यात भुताचं काही नाही, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “असेल. तुम्ही शिकलेल्या.”

खोडलेला आकडा मी प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी तिथे दोन-दोन मीटरवर नवी मापं घेतली. चार मीटर खोल, दीड-दोन टन लोखंड. ते लहान मुलासारखे नाचले, उल्केचाच तुकडा म्हणून. एप्रिलच्या मध्यावर खणणार आहेत. मला त्या आनंदात सामील होता येत नाही. का, ते खणून झाल्यावर लिहीन.

तुझी,
विनूताई


पालशेत
५ एप्रिल २००२

ती. विनूताईस,
सा. न.

दगड नीलेशकडे दिला. बरणीत आता पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तुझ्या गणूसारखं. मला तुमच्या आकड्यांतलं कळत नाही. एकच विचारते.

गाडीसुद्धा लोखंडाचीच असते ना?

पत्रिका वीस तारखेपर्यंत छापायला द्यायची आहे.

ऊर्मिला


अल ऐन
शुक्रवार, २६ एप्रिल २००२

प्रिय ऊर्मी,

अठरा तारखेला फोनवर मी “सापडले” एवढंच बोलू शकले. तू “बरं” म्हणालीस आणि फोन ठेवलास. आज सगळं लिहिते. काही ठिकाणी तुला वाटेल, हे नसतं लिहिलं तर बरं होतं. तसं करण्याचा हक्क मला उरलेला नाही.

खणायला शेवल आणला होता, पुढे मोठं फावडं असलेलं यंत्र. प्राध्यापकांचे विद्यार्थी कॅमेरे घेऊन उभे. सकाळी दहाच्या सुमारास फावडं कशाला तरी लागलं आणि पांढरा पत्रा दिसला. एक विद्यार्थी तरीही टाळ्या वाजवत होता, त्याला कळायला वेळ लागला. प्राध्यापकांनी टोपी काढली. मी गाडीकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिले, एवढं आठवतं.

ऊर्मी, ते पळाले नव्हते. गाडी टेकडीच्या घसरत्या उताराच्या पायथ्याशी रुतली होती. मागच्या चाकांखाली मॅट, फळी आणि त्यांची सतरंजी घातलेली होती. टेकड्या वर्षाला आठ-दहा मीटर सरकतात, ती टेकडी गाडीवर आली. अजून काही वर्षांनी पुढे गेली असती आणि गाडी आपोआप उघडी पडली असती. आम्ही नसतो खणलं, तरी.

ते गाडीखाली होते, सावलीला, कुशीवर. कंपनीत पहिल्या दिवशी प्रत्येक ड्रायव्हरला शिकवतात, काही झालं तरी गाडी सोडायची नाही, शोधणारे गाडी शोधतात. त्यांनी सोडली नाही. पाच लिटरचा पाण्याचा कॅन आडवा कापून उघडा ठेवला होता, दव धरायला. खिशात लेबर कार्ड होतं, बोटात अंगठी होती. पोलिसांनी ती माझ्यासमोर पाकिटात घातली. कागद पुरे झाले की अस्थींबरोबर मी स्वतः ती घेऊन येईन.

गाडीत लॉगबुक होतं. रोज तारीख, किलोमीटर, सही आणि जाण्याचं कारण लिहायचं असतं. चोवीस नोव्हेंबर, १,१८,४३६, सही. पंचवीस नोव्हेंबर, १,१८,४३६, सही. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तोच आकडा, तीच सही, अक्षर मोठं होत गेलेलं. तीस तारखेला तारीख आहे, किलोमीटर आहेत, सही नाही.

सीटवर त्यांच्या शर्टात गुंडाळलेला एक दगड होता. बरणीतल्यासारखाच, पण खडकातून फोडून काढलेला, आणि वरची बाजू दाखवणारा बाण त्याच्यावर मार्करने काढलेला.

तो बाण काढायला मी शिकवलं होतं.

त्यांनी पहिला दगड आधी मला दाखवला होता. मी एम.एस्सी. झालेली, दहा वर्षं दुसऱ्यांनी आणलेले आकडे तपासून नीट करत होते. तो दगड काय आहे हे त्या ऑफिसात फक्त मला कळलं आणि वाटलं, हा शोध माझ्या नावावर होईल. मी म्हटलं, “परेशराव, हा सुटा आहे, कुठूनही आला असं म्हणतील. खडकाला चिकटलेला मिळाला पाहिजे. जमेल तुम्हाला?” ते म्हणाले, “ताई, शुक्रवारी जाऊन येतो, गाडी माझ्याकडेच आहे.” साहेबांना सांगू नका, असंही मीच म्हटलं. तुझ्या पत्रातला ‘खूश होणारा माणूस’ मी आहे.

शनिवारी सकाळी ते कामावर आले नाहीत. मॅनेजर माझ्या टेबलासमोर उभा राहून फोनवर म्हणाला, “खलास, हबीबी, गाडी लेके ओमान भागा.” मला वाटलं, दुपारपर्यंत येतील, मग कशाला सांगा. दुपारी वाटलं, आता सांगितलं तर सकाळी का नाही, असं विचारतील. रविवारी माणसं ओमानच्या नाक्यांवर चौकशी करत होती आणि मी गप्प होते. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, ही भीती होती. पण सगळं भीतीवर ढकलणंही खोटं आहे. सोमवारपर्यंत ते ओमानला गेले असावेत असं मला खरोखर पटायला लागलं होतं. माणसाला हवं ते किती लवकर पटतं! आणि तोवर ते रोज सही करत होते.

अजून एक आहे. लॉगबुकमधल्या कारणाच्या रकान्यात चोवीस तारखेला त्यांनी मराठीत लिहिलं आहे: ‘विनिताताईंसाठी दगड.’ पोलिसांना मराठी येत नाही. त्यांनी मलाच वाचून दाखवायला सांगितलं. तारखा वाचल्या, आकडे वाचले. चौथ्या रकान्याशी आले आणि माझ्या तोंडून निघालं, “सॅम्पल.” फक्त एवढंच. त्यामुळे कागदावर असं राहिलं आहे, की परवानगी न घेता, स्वतःच्या कामासाठी गाडी नेली. चोरीची तक्रार त्यांच्या नावावर अजून तशीच आहे.

हे मी गेल्या आठवड्यात केलं, ऊर्मी. सहा वर्षांपूर्वी नाही.

विनिता


पालशेत
१६ मे २००२

विनिता,

लग्न पार पडलं. पत्रिकेत ‘कै.’ घातलं. छापखान्यातला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, बाई, घाई नव्हती. त्याला काय सांगणार?

तुझा फोन आला त्या दिवसापासून सुतक धरलं. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं दहा दिवस सुतक. देवाला दिवा नाही आणि अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. मंगळसूत्र मी स्वतः काढलं, कुणाला हात लावू दिला नाही. मणी एका वाटीत ठेवले आहेत. मोकळं वाटलं, हे तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. सहा वर्षं मी एका पळपुट्याची बायको होते. आता एका माणसाची विधवा आहे.

कन्यादान दिराने केलं. मुलाची आत्या माझ्याजवळ येऊन म्हणाली, “पोलिसांत तक्रार होती ती निघाली का हो?” बघ, मेल्यावरसुद्धा ती विचारतेच आहे.

तुझं पत्र मी प्रज्ञाला दाखवलं नाही. ती लहानपणी सगळ्यांना सांगायची, माझी विनूमावशी दगडांची डॉक्टर आहे.

ते सहा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. भात टाकते आणि वाटतं, आज सत्तावीस तारीख. वर्गात हजेरी घेते आणि शेवटच्या मुलाची सही… मुलं सही करत नाहीत, तरी मी वाट बघते.

तू फेब्रुवारीत माफी मागितलीस ती पत्र न लिहिल्याची. तेवढी दिली. दुसरी तू मागितलेली नाहीस, ते बरं केलंस. मागू नकोस. देण्याजोगी असली तर मीच कधीतरी कळवीन. बहुधा नसेल.

मला दोन गोष्टी हव्यात. बाण काढलेला दगड मला पाठव. तुमच्या प्राध्यापकांना बरणीतला दिलाय, तो पुरे. आणि दुसरी. माझ्या नवऱ्याने दोन शब्द लिहून ठेवले होते. ‘विनिताताईंसाठी दगड.’ शाळेत मी मुलांना सांगते, धडा मोठ्याने वाचायचा, गाळायचा नाही. तू गाळलास. परत जा आणि पूर्ण वाच.

ऊर्मिला


अल ऐन
शुक्रवार, ३१ मे २००२

ऊर्मी,

पत्र काल मिळालं.

अनिलला सगळं सांगितलं. त्याला आजवर ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “आता कोण विचारतंय? नोकरी जाईल तुझी. केस झाली तर वेदच्या शाळेचं काय?” वेद दारात उभा होता. मला वाटायचं त्याला मराठी फारसं कळत नाही. म्हणाला, “सो ही वॉज वेटिंग फॉर समवन? ऑल दॅट टाइम?” मी हो म्हटलं. तो आत गेला आणि दाराला कडी लावली.

बरणीतला दगड तपासला. विवर खरं आहे. नकाशात गुरुत्व कमी झालेलं एक स्वच्छ वर्तुळ उमटलं आहे. प्राध्यापक मला म्हणाले, आता सत्तेचाळीस नंबरचं रीडिंग काढून टाकायला हरकत नाही, ते विवराचं नाही. मी म्हटलं, नकाशातून काढा. वहीतून नाही. माझी पेन्सिल मी पुसली आणि ४३,९१२ शाईने परत लिहिलं. खाली सही केली, तारीख आजची घातली. गणूला बोलावून वही दाखवली आणि म्हटलं, तुझं बरोबर होतं. तो हसला नाही. समासातल्या स्वतःच्या ओळीवरून त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, “तीनदा घेतलं होतं, मॅडम.”

बाणाचा दगड पोलिसांकडे आहे. सुटला की अस्थींबरोबर आणीन. तू दार उघडलं नाहीस तर अंगणात ठेवून परत जाईन.

त्यांच्या शनिवारी मी टेबलाशी गप्प बसले होते. डायरीत आज एवढंच लिहिलं आहे, तेच इथे उतरवते:

उद्या, शनिवार, सकाळी आठ: पोलीस स्टेशनवर जाऊन लॉगबुकचा चौथा रकाना पूर्ण वाचून दाखवणे.

विनिता